रांग की चिठ्ठी?



गेल्या मे महिन्यात आमच्या सोसायटीत एका सायकलवरून मोठंच भांडण पेटलं. सायकल एक आणि मुलं बारा. संध्याकाळी पाच ते सात ती एकाच्याच ताब्यात राहील, असं ठरलं होतं. कोणाच्या? तर रोज चिठ्ठ्या टाकायच्या. बिस्किटांचा जुना डबा, त्यात बारा नावं, डोळे मिटून एक चिठ्ठी काढायची. झालं! याच्याइतका सोपा न्याय दुसरा कुठला?

पण चौदा दिवस उलटले तरी सगळ्यांत धाकट्या मेंबरची चिठ्ठी काही निघेना. तिसऱ्या मजल्यावरच्या एकाची मात्र तीनदा निघाली. शेवटी धाकट्याने भोकाड पसरलं. मग मोठ्या मुलांनी नवा नियम केला. ज्याचा नंबर लागणार नाही, त्याच्या नावापुढे जिन्याखालच्या भिंतीवर खडूने एक रेघ मारायची. ज्याच्या रेघा सर्वांत जास्त, त्याला सायकल. सायकल मिळाली की त्याच्या रेघा पुसून पुन्हा शून्यापासून सुरुवात. सगळे खूश!

तेवढ्यात माझी भाची आठ दिवसांसाठी राहायला आली. तिच्या नावापुढे एकही रेघ नाही. तिच्यापुढे बारा जण. म्हणजे तिचा नंबर तेराव्या दिवशी, आणि ती तर नवव्या दिवशी सकाळच्या एस. टी.ने परत जाणार!

भाची म्हणाली, "मी आधी आले नव्हते, यात माझी काय चूक?"

धाकटा म्हणाला, "मी चौदा दिवस थांबलो. ही तर कालच आली!"

दोघंही न्याय मागायला माझ्याकडे आले. आता सांगा, कोणाचं खरं? मला तर दोघांचंही खरं वाटलं. मी म्हटलं, "अरे, हेच भांडण तिकडे अमेरिकेत मोठी मोठी माणसं कितीतरी वर्षं भांडतायत. फक्त त्यांचं भांडण सायकलवरून नाही, शिकारीच्या परवान्यावरून आहे." दोघं भांडण विसरून खाली बसली. तुम्हीही बसा. तीच गोष्ट आज सांगतो.

रानातला प्राणी कोणाचा?

आपल्या देशात १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानटी जनावरांच्या शिकारीला बंदी घातली. त्यामुळे 'शिकारीचा परवाना' म्हटलं की आपल्या भुवया उंचावतात. शिकार करावी की करू नये, हा प्रश्न मोठा आहे आणि त्यावर अमेरिकेतही वाद होतात. तो आज बाजूला ठेवू. आज आपल्याला बघायची आहे ती वाटणी.

अमेरिकेच्या पश्चिम भागात रॉकी पर्वताच्या रांगा आहेत. कोलोरॅडो, वायोमिंग, युटा, आयडाहो, मॉन्टाना ही राज्यं तिकडचीच. तिथे एल्क नावाचं मोठं हरीण राहतं. काश्मीरच्या हंगुलचा हा नातेवाईक. पूर्ण वाढलेला नर ३०० किलोंच्याही पुढे जातो. कड्याकपारींत राहणारा, वळणदार जाडजूड शिंगांचा बिगहॉर्न मेंढा आहे. उड्या मारत पळणारं म्यूल हरीण आहे.

एकोणिसाव्या शतकात तिकडे बेसुमार शिकार झाली. कोणीही यावं, बंदूक उचलावी, मांस आणि कातडी बाजारात विकावी! गव्यासारख्या दिसणाऱ्या बायसनचे तिथे लाखोंचे कळप होते. १८८९ साली मोजदाद झाली तेव्हा जेमतेम हजारभर बायसन उरले होते. मग लोकांचे डोळे उघडले. बाजारासाठी शिकार करणं बंद झालं, हंगाम ठरले, संख्येवर मर्यादा आली. १९३७ साली तर असा कायदा झाला की बंदुका आणि काडतुसं यांच्यावरच्या कराचे पैसे राज्यांना वन्यजीवांच्या कामासाठी द्यायचे.

या सगळ्याच्या मुळाशी एक तत्त्व आहे. रानातला प्राणी राजाचा नाही, जमीनदाराचा नाही. तो सगळ्या जनतेचा आहे आणि राज्य सरकार त्याचं फक्त राखणदार. पूर्वी युरोपात काय किंवा आपल्याकडे काय, चांगली रानं राजेरजवाड्यांच्या शिकारीसाठी राखून ठेवलेली असत. अमेरिकेतल्या लोकांना ते नको होतं.

तत्त्व छान आहे, पण त्यातूनच पेच उभा राहतो. वस्तू जर सगळ्यांची, आणि ती सगळ्यांना पुरणार नाही, तर ती द्यायची कोणाला?

दरवर्षी तिथले वन्यजीव खात्याचे लोक विमानातून आणि हेलिकॉप्टरमधून कळप मोजतात. किती प्राणी मारले तरी कळपाला धोका पोहोचणार नाही, याचा हिशेब मांडतात. तेवढेच 'टॅग' काढतात. टॅग म्हणजे परवान्याची पट्टी. शिकार झाली की ती त्या प्राण्याला बांधायची. एक टॅग, एक प्राणी. काही भागांत टॅग सहज मिळतात. पण जिथे जनावरं मोठी आणि माणसांची गर्दी कमी, तिथे टॅग थोडे आणि अर्जांचा ढीग! मग सोडत काढायची.

चिठ्ठीची खोड

नुसती चिठ्ठी काढली तर काय होतं? समजा, दर दहा अर्जदारांमागे एक टॅग आहे. तुम्हाला वाटेल, दहा वर्षं अर्ज केला की एकदा तरी नंबर लागणारच. पण तसं नसतं. चिठ्ठीला आठवण नसते! गेल्या वर्षी तुम्ही हरलात हे डब्याला ठाऊक नसतं. दरवर्षी हरण्याची शक्यता १० मध्ये ९ असते. कॅल्क्युलेटर घ्या आणि ०.९ ला ०.९ ने गुणत जा, असे एकूण दहा ०.९ घ्या. उत्तर येईल ०.३५ च्या जवळपास. म्हणजे १०० जणांपैकी सुमारे ३५ जण दहा वर्षांनंतरही रिकाम्या हातानेच बसलेले असतील. वीस वर्षांनंतरही त्यातले १२ आणि तीस वर्षांनंतरही ४ जण! आणि दुसरीकडे एखाद्याचा नंबर तीनदा लागलेला असेल. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या मुलासारखा.

अशा दुर्दैवी लोकांसाठी राज्यांनी जी युक्ती काढली, ती तुम्ही ओळखलीच असेल. भिंतीवरच्या रेघा! तिकडे त्यांना 'प्रेफरन्स पॉइंट' म्हणतात. आपण 'थांबल्याचे गुण' म्हणू. अर्ज केला आणि टॅग मिळाला नाही, तर एक गुण. ज्याचे गुण जास्त, त्याचा नंबर आधी. टॅग मिळाला की गुण शून्य. कोलोरॅडोने हरीण आणि एल्क यांच्यासाठी ही पद्धत अनेक वर्षं चालवली. आमच्या मुलांनी कोलोरॅडोचं नावसुद्धा न ऐकता तीच शोधून काढली, हे विशेष!

रांगेची खोड

मग यात वाईट काय? वरवर पाहता काहीच नाही. रांग म्हणजे शिस्त. रेशनच्या दुकानात नाही का, पहिला आला त्याला पहिलं मिळतं?

आता पाटी-पेन्सिल घ्या. समजा, एका रानात दरवर्षी १० टॅग निघतात. पहिल्या वर्षी १०० जणांनी अर्ज केले. ज्याला टॅग मिळाला तो बाजूला झाला, असं धरू. दरवर्षी १० जणांचा नंबर लागत गेला, तर दहाव्या वर्षी शंभरावा माणूसही खूश. बरोबर? पण जग थांबून राहत नाही. दुसऱ्या वर्षापासून दरवर्षी २० नवी माणसं अर्ज करायला लागली. ती रांगेत मागे उभी राहिली.

पहिले १०० जण संपेपर्यंत दहा वर्षं गेली. मग दुसऱ्या वर्षी आलेल्या २० जणांची पाळी. त्यांचा नंबर अकराव्या आणि बाराव्या वर्षी लागला. म्हणजे त्यांच्यातला शेवटचा माणूस १० वर्षं थांबला. तिसऱ्या वर्षी आलेल्यांचा नंबर तेराव्या आणि चौदाव्या वर्षी. शेवटचा थांबला ११ वर्षं. चौथ्या वर्षी आलेल्यांतला शेवटचा थांबला १२ वर्षं.

काही लक्षात आलं? एक वर्ष उशिरा आलात, तर एक वर्ष जास्त थांबायचं! बाराव्या वर्षी आलेला शेवटचा माणूस २० वर्षं थांबेल. बाविसाव्या वर्षी आलेला ३० वर्षं. बत्तिसाव्या वर्षी आलेला ४० वर्षं!

कोलोरॅडोत मोठ्या जनावराच्या शिकारीसाठी वयाची किमान अट १२ वर्षांची आहे. म्हणजे आपल्या या रानात बत्तिसाव्या वर्षी बारा वर्षांची एखादी मुलगी पहिला अर्ज करील, तेव्हा तिचा नंबर लागेपर्यंत ती एक्कावन्न-बावन्न वर्षांची होईल. तिच्या आजोबांनी पहिल्याच वर्षी अर्ज केला असेल, तर ते जास्तीत जास्त नऊ वर्षं थांबले असतील. नियम तोच, रान तेच, अर्जही तोच. फरक एवढाच की ती उशिरा जन्मली.

माझे आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत, पण दुखणं खरं आहे. रांगेत माणसं जास्त येतात, बाहेर कमी पडतात, आणि लागणारे गुण दरवर्षी थोडे थोडे वर सरकतात. कोलोरॅडोच्या वायव्य कोपऱ्यातल्या नावाजलेल्या भागांत एल्कचा टॅग मिळायला वीसहून अधिक गुण लागू लागले. त्यात निसर्ग कधी फटका देतो. २०२२-२३ चा हिवाळा वायोमिंगमध्ये आणि कोलोरॅडोच्या वायव्य भागात फार कडक गेला. बर्फाखाली चारा सापडेना, कळप रोडावले, टॅग कमी करावे लागले. टॅग कमी म्हणजे रांग आणखी लांब! गुण कितीही छापता येतात हो, हरणं छापता येत नाहीत.

डोकं चालवलं, पण...

मग वेगवेगळ्या राज्यांनी आपापली डोकी चालवली.

वायोमिंगने परराज्यातल्या लोकांच्या एल्क, हरीण वगैरेंच्या टॅगसाठी वाटा केला. १०० पैकी ७५ टॅग गुणांच्या रांगेने, उरलेले २५ चिठ्ठीने. युटाने निम्मे-निम्मे केले. ॲरिझोनाने २० टक्के टॅग सर्वाधिक गुण असणाऱ्यांसाठी ठेवले. शिवाय सुरक्षित शिकारीचं शिक्षण घेणाऱ्याला एक कायमचा गुण!

नेवाडाची पद्धत गणिताच्या मास्तरांना आवडेल अशी आहे. तुमच्या गुणांचा वर्ग करायचा, त्यात १ मिळवायचा. तेवढ्या वेळा तुमचं नाव सोडतीत. शून्य गुण असले तर नाव एकदा. ३ गुणांना १० वेळा. १० गुणांना १०१ वेळा. २० गुणांना ४०१ वेळा! जुन्याला भरपूर संधी, पण नव्याचंही नाव डब्यात आहेच. मात्र यातही एक मेख आहे. सगळ्यांचेच गुण वाढले, तर कोणालाच त्यांचा फायदा होत नाही. तमाशाच्या फडात पुढचा टाचा उंचावून उभा राहिला की मागचाही राहतो. शेवटी सगळ्यांच्या टाचा दुखतात आणि दिसतं तेवढंच!

आयडाहोने गुणांच्या वाटेलाच जायचं नाही असं ठरवलं. तिथे निव्वळ चिठ्ठी. पण त्यांनी एक खुबी केली. मूस, बिगहॉर्न मेंढा किंवा पहाडी बकरा यांच्यापैकी एकासाठी अर्ज केलात, तर त्या वर्षी हरीण आणि एल्क यांच्या सोडतीत तुम्हाला भाग घेता येत नाही. म्हणजे 'हेही हवं, तेही हवं' चालणार नाही. खरंच काय हवंय ते ठरवा! त्यामुळे प्रत्येक डब्यातली गर्दी कमी होते.

आणि पैसे? काही राज्यं एखाददुसरा टॅग लिलावात काढतात. २०१३ साली मॉन्टानातल्या बिगहॉर्न मेंढ्याच्या एका टॅगला ४ लाख ८० हजार डॉलर मिळाले! अशा लिलावाचा पैसा मेंढ्यांच्या संवर्धनासाठी वापरला जातो, तेव्हा फायदा कळपाचाच. पण जो प्राणी सगळ्यांचा, तो सर्वांत खोल खिशाच्या माणसाला द्यायचा, हे पुष्कळांच्या पचनी पडत नाही. आणि गुणांच्या पद्धतीतही पैसा डोकावतोच. पुष्कळ ठिकाणी दरवर्षी फी भरून नुसता गुण घेऊन ठेवता येतो. ज्याला परवडतं तो पाच-सहा राज्यांत गुण साठवतो. एखाद्या वर्षी हात आखडला तर गरीब माणसाचा गुण मात्र चुकतो.

मग गुणांची पद्धत बंदच का करत नाहीत?

भाचीने मला हाच प्रश्न विचारला. पण आता त्या माणसाकडे बघा, ज्याने वीस वर्षं न चुकता अर्ज केला, फी भरली, आणि ज्याला सरकारने सांगितलं होतं, "थांब, तुझा नंबर येईल." तो पंचविशीत उभा राहिला, आता पंचेचाळीस वर्षांचा आहे. उद्या त्याला "तुझे वीसही गुण रद्द" असं सांगितलं, तर त्याने काय म्हणावं? तो काही लबाडी करून पुढे आलेला नाही. नियम सरकारचा होता, त्याने फक्त पाळला. दिलेला शब्द मोडणं हाही अन्यायच.

म्हणजे एका बाजूला शब्द दिलेली माणसं, दुसऱ्या बाजूला ज्यांना शब्द द्यायला कोणी विचारलंच नाही अशी तुमच्या वयाची मुलं. गंमत बघा, नियम ठरवण्याच्या सभेला जातं कोण? बहुधा रांगेत पुढे असलेली मोठी माणसं. जो अजून जन्मलाच नाही, तो सभेला येणार कसा?

म्हणून मला विचाराल तर, रांग वाईट नाही आणि चिठ्ठीही वाईट नाही. रांग थांबणाऱ्याचा मान राखते. चिठ्ठी नव्याचं दार उघडं ठेवते. पण जी रांग माणसाच्या आयुष्यापेक्षा लांब होते, तिला रांग म्हणता येत नाही. ती भिंतच! अलीकडच्यांनी अलीकडे राहायचं, पलीकडच्यांनी पलीकडे. म्हणून कुठलीही वाटणी करताना थोडासा वाटा तरी अशांसाठी ठेवावा, जे अजून आलेले नाहीत.

आणि एक कसोटी सांगतो. ती आईला पक्की ठाऊक असते. एकाने वडी कापायची, दुसऱ्याने आधी उचलायची. कापणाऱ्याला आपल्या वाट्याला कुठला तुकडा येणार ते माहीत नसतं, म्हणून तो सारखे तुकडे करतो. नियम करतानाही तसंच करावं. आपण रांगेत पहिले असू की शेवटचे, हे माहीत नाही असं समजायचं, आणि मग ठरवायचं.

आमच्या सायकलचं काय झालं?

मी मुलांना हेच सांगितलं आणि आत चहा प्यायला गेलो. बाहेर येऊन बघतो तर भिंतीवर नवा नियम लिहिलेला! आठवड्याचे पाच दिवस रेघांप्रमाणे. बुधवार आणि रविवार चिठ्ठीचे. डब्यात सगळ्यांची एकेक चिठ्ठी, पाहुण्यांचीसुद्धा. जुन्या रेघा कोणाच्याच पुसायच्या नाहीत. धाकटा थोडा कुरकुरला, कारण त्याचा नंबर एक दिवस पुढे गेला. पण त्याने सही केली. हो, खाली सगळ्यांच्या सह्या होत्या!

तुम्ही विचाराल, भाचीचा नंबर लागला का? नाही लागला. बुधवारी नाही आणि रविवारीही नाही. पण दोन्ही वेळा डब्यात हात घालताना सगळ्यांच्या बरोबरीने तिचाही श्वास रोखलेला होता. एस. टी.त बसताना ती म्हणाली, "मामा, नाही मिळाली ती नाही मिळाली. पण माझं नाव तर होतं!"

घरी करून बघा

१२ चिंचोके घ्या, त्यांच्यावर पेनने १ ते १२ आकडे घाला. पिशवीत टाकून न बघता एक काढा, आकडा लिहून ठेवा, चिंचोका परत पिशवीत टाका. असं ३० वेळा करा. किती आकडे एकदाही आले नाहीत? कुठला आकडा सर्वांत जास्त वेळा आला? मग तेच रेघांच्या पद्धतीने करा, आणि दहाव्या दिवसापासून दर दोन दिवसांनी एक नवा चिंचोका वाढवत जा. नवीन आलेल्या प्रत्येक चिंचोक्याला किती दिवस थांबावं लागलं, ते लिहा.

आणि आता या आठवड्याचा प्रश्न. तुमच्या शाळेच्या वाचनालयात एकच नवं पुस्तक आलंय. ते आठवड्याला एकालाच मिळतं. वर्गात ४० मुलं आहेत, आणि दर महिन्याला एक नवं मूल वर्गात येतं. नियम तुम्ही करायचा. पण कापणारा तुम्ही आणि उचलणारा दुसरा, हे विसरू नका! तुमचा नियम आणि त्यामागचं कारण पत्राने कळवा. पुढच्या आठवड्यात भेटूच.